शालिकभाऊचं ‘होते’ आणि गौतमभाऊची खडूची रेष

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरची शपथ घेऊन सांगतो, पुढे लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. एक शब्द पदरचा नाही!

बरं, एखादा असेल. मी माइकवाला माणूस. आवाज जरा वाढवल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि त्या अ‍ॅम्प्लिफायरचं म्हणाल तर तो मागच्याच उन्हाळ्यात जळाला, त्यामुळे शपथेतही फारसा दम नाही. एक जागा खोटी आहे असं समजा. कोणती, ते शेवटी सांगतो.

हे किस्से जमतात कसे, विचाराल तर अगदी लग्नाच्या भांड्यांसारखे. मोजून पाठवावी, मोजून आणावी, तरी परत येताना एखादा पेला कमी असतो आणि एखादं ताट जास्त! ते कोणाचं, कुठून आलं, कोणालाच माहीत नसतं. मग आपलंच म्हणून मांडणीवर ठेवून द्यायचं. माझी मांडणी अशाच ताटांनी भरली आहे.

सेलूच्या बाजारओळीत माझं माइक-लाइटिंगचं दुकान. त्याला लागून ‘शालिक-गौतम बिछायत केंद्र’. गाद्या, सतरंज्या, मंडप, खुर्च्या आणि स्वयंपाकाची भांडी भाड्यानं देणारं दुकान. लग्न, बारसं, तेरवी, बुद्धपौर्णिमेला बौद्ध वस्तीत खीर वाटतात ते खीरदान, काहीही असो, सामान त्यांचं आणि माइक माझा.

मालक दोघं. शालिकभाऊ कुणब्याचे, गौतमभाऊ बौद्ध. शाळेत एका बाकावर बसले ते अजून उठले नाहीत. पहिला गंज, म्हणजे स्वयंपाकाचं मोठं पातेलं, दोघांनी मिळून घेतला, त्यावर दोघांची नावं ठोकून घेतली, आणि तेव्हापासून प्रत्येक गंजावर, परातीवर, ताटाच्या पाठीवर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेलं असतं: शालिक-गौतम.

नावावर मात्र जाऊ नका. ज्याचं नाव गौतम, तो म्हणजे पेटलेली भट्टी! आणि शालिकभाऊ इतका थंड, की उन्हाळ्यात लोक त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसत. त्याच्या तोंडी एकच शब्द. गिऱ्हाइकानं काहीही मागावं, काहीही बोलावं, शालिकभाऊ मान हलवून म्हणणार, “होते.” म्हणजे होईल, चालेल, जमेल, काही हरकत नाही.

*

एका लग्नात मुलाकडचे एक मामाजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. खुर्चीनं हाय खाल्ली. मामाजी खाली, खुर्चीचे चार पाय चार दिशांना!

मामाजी उठले ते ओरडतच. “काय भंगार सामान आणता! माणूस मरंल ना!”

गौतमभाऊ बाह्या सरसावून निघाला. शालिकभाऊनं त्याला हातानं मागे सारलं आणि मामाजींचे कपडे झटकू लागला. “लागलं तं नाई ना मामाजी? दुसरी देतो.”

दुसरीही गेली.

शालिकभाऊनं तीन खुर्च्या एकात एक घातल्या, हात दाबून पाहिलं आणि अत्यंत आदरानं म्हणाला, “बसा आता. तिघी मिळून धरतीन.”

मामाजी बसले. टिकली! जेवण होईपर्यंत मामाजी उठलेच नाहीत. जाताना त्यांनी शालिकभाऊला मिठी मारली, आणि आता शालिकभाऊ टिकतो की नाही याची आम्हाला काळजी वाटली.

*

हिंगणीकडच्या एका गावात परात अडकली. बारसं होऊन कितीतरी दिवस झाले, परात परत नाही. शालिकभाऊ गेला आणि रिकाम्या हातानं आला.

“काऊन? कुठंय परात?” गौतमभाऊ.

“कोंबडी बसली हाये तिच्यात. अंड्यावर.”

“मंग उठव ना!”

“तशी कशी उठवतं बे? उठली का आणू. होते.”

चार दिवसांनी शालिकभाऊ पुन्हा जाऊन आला. कोंबडी बसलेलीच. तिसऱ्या खेपेला गौतमभाऊनं मोटरसायकलला किक मारली. “आपली परात का कोंबडीच्या बाळंतपणाले देल्ली काय? आता मीच जातो. परात आणतो, नाई तं कोंबडी आणतो!”

संध्याकाळी आला. हाताच्या पाठीवर चोच मारल्याची खूण, आणि परातीचा पत्ता नाही. आम्ही काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाला, “दोन अंडे फुटाचे राह्यले अजून. थांबा लागते ना बावा.”

*

आता हा किस्सा माझ्या धंद्यातला, त्यामुळे आवाज जरा मोठा लागेल.

गावात एकीकडे सप्ताह होता, महाराजांचं कीर्तन. आणि पलीकडच्या मैदानात टेनिस बॉलची टुर्नामेंट. दोन्हीकडे मंडप शालिक-गौतमचा, दोन्हीकडे माइक माझा. माझ्याकडे धड चालणारा अ‍ॅम्प्लिफायर एकच. म्हटलं, मधे ठेवू आणि दोन्हीकडे वायर सोडू. दोन माइक, दोन भोंगे. काय बिघडतं?

बिघडलं असं, की दोन्ही माइकचा आवाज दोन्ही भोंग्यांतून निघू लागला!

महाराज रंगात आले होते. “आणि गवळणीच्या हातून ते दह्याचं मडकं…”

भोंग्यातून मैदानावरची कॉमेंट्री: “सोडलं! अरे सोडलं! हातातला कॅच होता बे!”

मैदानावर त्याहून कठीण अवस्था. चांगला सेट झालेला बॅट्समन आऊट होऊन परत निघाला आणि भोंग्यातून महाराजांचा आवाज आला, “शेवटी सगळ्यांनाच जायचं आहे, माउली. रडू नका.”

तो बॅट्समन आजही म्हणतो, अंपायरपेक्षा ते जास्त लागलं.

गौतमभाऊ पक्कड घेऊन वायर तोडायला धावत आला. शालिकभाऊ त्याच्या आडवा. “राहू दे. होते.”

“काय राहू दे? सप्ताह हाये का तमाशा?”

तेवढ्यात मांडवात पुढे बसलेल्या बायाच ओरडल्या, “ओ भाऊ, वायर नका तोडू! बारा रन पाह्यजेत फक्त!”

आणि महाराजांनी टाळ थांबवून दोन्ही हात वर केले. “शांत बसा माउली. शेवटची ओव्हर आहे.”

*

रेषेचा किस्सा असा.

एका घरी मंडप टाकायला गेले. मुलीचा काका म्हणाला, मंडपाचं तोंड पूर्वेला करा. केलं. दुपारी थोरले जावई आले. म्हणाले, “तिकडून उन्हाचा झोत येते, उत्तरेले करा.” शालिकभाऊ म्हणाला, “होते.” सगळे बांबू उपटले, फिरवले, पुन्हा गाडले. मग धाकटे जावई आले. थोरल्यांचं ऐकलं आणि आपलं नाही, म्हणून फुगून बसले. “होते,” शालिकभाऊ म्हणाला. पुन्हा उपटले, तोंड पश्चिमेला.

चहाच्या वेळी दोन्ही जावई एकत्र आले, मंडपाकडे पाहिलं आणि एकमतानं म्हणाले, “पह्यलेच बरं होतं.”

शालिकभाऊ तोंड उघडणार, तोच गौतमभाऊ सरसर मधल्या बांबूवर चढला. वर जाऊन आडव्या बांबूला मिठी मारून बसला.

“उतर ना बे.”

“नाई. मी आता मंडपाचा खांब हाओ! मले फिरवाचं असंल तं गावासकट फिरवा!”

त्याला खाली आणायला घरातल्या नवरीला यावं लागलं. ती म्हणाली, “काका, मले चालते हा मंडप.” तेव्हा उतरला. मंडप पश्चिमेलाच राहिला.

परत आल्यावर मात्र त्यानं माझ्या दुकानातून खडू मागून नेला. गोदामाच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, फरशीवर सरळ पांढरी रेष मारली.

“पाह्य शालिक,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी दारातच थांबलो. “खुर्च्या मोडल्या, मी गप. परात गेली, गप. आज दोनदा मंडप फिरवला. तुले सहन कराची सवय लागली हाये. एक दिवस तू नको ते सहन करशीन. त्या दिवशी या रेषेच्या इकडचं सामान माह्यं, तिकडचं तुह्यं. मंग मी नाई थांबत.”

“होते,” शालिकभाऊ म्हणाला.

पण त्या दिवसापासून मी पाहत होतो. शालिकभाऊ गोदामात जाताना त्या रेषेवर पाय देत नसे. उंबरठा ओलांडावा तसा पाय उचलून पलीकडे टाकायचा. फरशी पुसायला येणारी बाई ती रेष पुसायला गेली, तर गौतमभाऊ ओरडला, “राहू दे!” दोघं एका डब्यात जेवत, एका गाडीवर फिरत, आणि मधे ती रेष. शालिकभाऊनं मला एकदा हळूच विचारलं, “काऊन बे, नको ते म्हंजे नेमकं काय असंन?”

मी म्हटलं, “मले काय माहीत! तिसरे जावई असतीन!”

तो हसला नाही.

*

आणि मग ते काकाजी आले.

पांढरे कपडे, बोलणं साखरेसारखं. गावचं नाव मी घेत नाही. मुलीचं लग्न काढलेलं, तिथी दाट, त्या दिवशी तालुक्यात घराआड लग्न. म्हणाले, “तुमचंच नाव ऐकलं चहूकडे. तुमच्याकडूनच न्याचं ठरवलं.” मी स्टुलावर बसून चहा पीत होतो. गौतमभाऊ मागे गोदामात, बनियनवर, गंज घासत होता. खसखस खसखस आवाज बाहेर येत होता.

सगळं ठरलं. मग काकाजींनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि आवाज उतरवला.

“एक तेवढं पाह्यजा शालिकराव. भांडे वेगळे पाठवजा. ते बुद्धपौर्णिमेच्या खीरदानाले गेलेले नको. तसं मले काईच नाई हो! पण घरी म्हातारी हाये ना…”

खसखस थांबली.

मग गोदामातून आवाज आला, ठण्! एक गंज रेषेच्या अलीकडे. थोड्या वेळानं, ठण्! एक पलीकडे. गौतमभाऊ वाटणी करत होता.

शालिकभाऊनं डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, “होते.”

ठण्! ठण्! ठण्!

मी मनात म्हटलं, संपलं. माझ्या शेजारचं दुकान संपलं!

“भांडे वेगळे देऊ,” शालिकभाऊ शांतपणे म्हणाला. “पण काकाजी, सतरंज्यांचं काय? त्या भी गेलत्या तिकडे.”

“मंग… त्या भी नको.”

“गाद्या?”

“नको.”

“खुर्च्या? मंडप?”

“ते भी गेलते?”

“सगळंच गेलतं ना. ऊन लई होतं.”

काकाजी जरा चुळबुळले. शालिकभाऊनं मोबाइल काढला, स्पीकर लावला. “तुमचा आचारी कोण म्हणता? विचारून घेऊ.” आचाऱ्याला फोन. “काऊन भाऊ, खीरदानाले गेलते काय?”

पलीकडून आचारी खूश! “गेलते म्हंजे? शिजवली कोणं? मीच तं शिजवली! काऊन, गोड कमी पडली काय?”

“नाई, बरोबर होती.” मग बँडवाला. “हो भाऊ, दोन वाट्या खाल्ल्या!” मग घोडीवाला.

घोडीवाला म्हणाला, “मी गेलतो. घोडी भी गेलती. बगुण्यात तोंड घालून खीर खाल्ली तिनं! हप्ताभर तिच्या मिशीले भाताचे दाणे होते!”

“घोडी भी?” काकाजी.

“घोडी भी,” शालिकभाऊ म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “अन् माइक?”

आता माझ्यावर आलं. काकाजींच्या घरचा माइकही माझ्याकडेच ठरला होता. मी कप खाली ठेवला. “माइक तिथंच होता. मी भी होतो. तीन वाट्या.”

गोदामातला आवाज कधी बंद झाला होता, कळलं नाही.

काकाजींचं तोंड लाल झालं होतं. “मंग राह्यते काय तुमच्याकडे?”

शालिकभाऊ उठला, गोदामात गेला. मी मान लांब करून पाहिलं. आज त्यानं पाय उचलून टाकला नाही. सरळ रेषेवर पाय देऊन गेला, चपलेनं खडू पसरला. गौतमभाऊ दोन ढिगांच्या मधे उभा होता. शालिकभाऊनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मांडणीवरून एक नवाकोरा झारा काढला, अजून स्टिकर न काढलेला, आणि बाहेर येऊन काकाजींच्या हातात दिला.

“हा कालच आणला. कुठंच नाई गेला. घेऊन जा. करा लगन.”

काकाजी झारा धरून बसले. आणि तेव्हा गोदामाच्या दारातून आवाज आला. गौतमभाऊचा. भट्टी म्हणावी तर अगदी राख धरलेली.

“शालिक. पोरीचं लगन हाये बे. तिचा काय दोष? पाठवून दे नवीन आणून काई.”

शालिकभाऊ त्याच्याकडे वळला. त्याच्या कपाळाची शीर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

“नाई होत!”

बाहेर रस्त्यावर भाजीवाली थांबली. समोरच्या सलूनमधला माणूस गालाला साबण लावलेला तसाच दारात आला. शालिकभाऊ ओरडला ही बातमी बाजारओळीच्या शेवटच्या दुकानापर्यंत त्याच्या आवाजानंच पोचली होती, माझ्या माइकची गरजच पडली नाही!

काकाजी उठले, गेले. झारा हातातच होता, ठेवायचं सुचलं नाही.

*

पुढे काय झालं, तर काकाजींनी दुसऱ्या गावच्या बिछायतवाल्याला सांगितलं. ठीक आहे, त्यांची मर्जी. आमच्याकडे दोन ढीग पुन्हा एक झाले. गौतमभाऊनं स्वतः फडकं घेऊन फरशी पुसली. मी विचारलं, “काय पुसून राह्यले?” तर म्हणतो, “खडू सांडला होता कोणाचा तरी.”

आता बिछायतीच्या धंद्याची एक रीत आहे. तिथी दाट असली की कोणाचंच सामान पुरत नाही. मग हा त्याच्याकडून मागतो, तो याच्याकडून. आज माझे गंज, उद्या तुझ्या खुर्च्या. यात कोणी नाही म्हणत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी शालिकभाऊचा फोन वाजला. तोच दुसऱ्या गावचा बिछायतवाला. “शालिकभाऊ, लाज राखा! मोठं लगन घेतलं, भांडे पुरत नाईत. सगळे गंज अन् ताटं पाठवा.”

“कोणाचं लगन?”

त्यानं नाव सांगितलं.

शालिकभाऊनं फोनवर हात ठेवला आणि गौतमभाऊकडे पाहिलं. “देऊ का बे? काकाजीले सांगा लागंल ना, कोणाचे हायेत म्हणून…”

“मागं नाव ठोकलं हाये ना दोघाचं?” गौतमभाऊ म्हणाला. “वाचता येते त्याले.”

“मंग?”

गौतमभाऊनं बनियनवर शर्ट चढवला. मी त्या दोघांशेजारी इतकी वर्षं काढली, पण हा शब्द त्याच्या तोंडून तोवर ऐकला नव्हता.

“होते!”

आणि स्वतः गाडी भरायला गेला. शीळ घालत! प्रत्येक ताट पुसून, नावाची बाजू वर करून.

लग्न व्यवस्थित झालं. जेवण उत्तम झालं, असं ऐकलं. तिसऱ्या दिवशी भांडी परत आली. शालिकभाऊ आणि गौतमभाऊ गोदामात मोजायला बसले, मी दारात. गंज सगळे. ताटं सगळी. एकही कमी नाही.

एक वस्तू मात्र जास्त होती. सगळ्यात मोठ्या गंजात, घासून-पुसून ठेवलेला, स्टिकर काढलेला झारा.

*

आता कबुली. घोडीची खीर माझी. घोडी खीरदानाच्या दिवशी समुद्रपूरला दुसऱ्या वरातीत होती, खीर फक्त तिच्या मालकानं खाल्ली. झारा पाहायचा असेल तर दुकानात या, आत शिरल्यावर डाव्या हाताला खिळ्याला टांगलेला आहे. त्याच्या दांड्यावर आता दोघांची नावं ठोकली आहेत.